आवाज नकली होते, मान्य. पण फसवणूक?

जुन्या अमेरिकन रेडिओबद्दल एक मजकूर सध्या फिरतोय. ऐतिहासिक प्रसंग उभे करणाऱ्या तिथल्या श्रुतिका म्हणजे म्हणे फेक न्यूजची पहिली आवृत्ती : नट नेत्यांचे आवाज काढायचे, भोळे श्रोते फसायचे. पुरावा काय, तर १९३८ साली मंगळवासीयांच्या हल्ल्याचं नाटक ऐकून अख्खा देश रस्त्यावर आला!

नकली आवाज? होतेच. १९३१पासून ‘मार्च ऑफ टाइम’ या रेडिओ कार्यक्रमात आठवड्याच्या घडामोडी नटच वठवायचे. पण खरा आवाज आणायचा कुठून? एनबीसी आणि सीबीएस ही तिथली बडी रेडिओ जाळी ध्वनिमुद्रण वाजवतच नसत. जे काही ऐकवायचं ते तिथल्या तिथे सादर करायचं, हा दंडक. तो मोडायला केवढी दुर्घटना लागली पाहा. ६ मे १९३७ला लेकहर्स्ट इथे हिंडेनबर्ग हे हवाई जहाज पेटलं. शिकागोच्या एका केंद्राचा हर्बर्ट मॉरिसन तबकडीवर मुद्रण करत होता. त्याचा तो रडवेला आवाज एनबीसीने दुसऱ्या दिवशी ऐकवला. (आपण मात्र तो ‘लाइव्ह’ म्हणून पुढे ढकलतो.) एरवी स्टुडिओत आग लागायची ती माइकपुढे सेलोफेन चुरगाळून.

भोळे श्रोते? सीबीएसचं ‘यू आर देअर’ १९४७ ते १९५० चाललं. जॉन डेलीसारखे सीबीएसचे खरेखुरे बातमीदार त्यात सॉक्रेटिसच्या मृत्यूचं वार्तांकन करतात, तेही आजच्या इंग्रजीत. इसवी सनापूर्वी ३९९मध्ये माइक! हे ऐकून फसलेला माणूस मला एकदा भेटायचाय. अहो, गंमतच ती होती.

मंगळाचं नाटक मुळात ऐतिहासिक नव्हे. ते नाटक आहे हे सुरुवातीलाच सांगितलं होतं. त्या रात्री हूपर या श्रोतेमोजणी कंपनीने सुमारे ५,००० घरांत फोन केले, तर ते ऐकणारे निघाले जेमतेम २ टक्के. काही जण घाबरले, पोलिसांना फोनही गेले. देश रस्त्यावर आणला तो वर्तमानपत्रांनी. जाहिराती पळवणाऱ्या रेडिओवर त्यांचा राग होताच.

‘मार्च ऑफ टाइम’मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टची नक्कल इतकी हुबेहूब व्हायची की ती थांबवा, असं व्हाइट हाउसला सांगावं लागलं. हा मुद्दा त्या मजकुरात असता तर मी गप्प बसलो असतो.

आणि खरी मेख तर त्यात नाहीच. ‘कॅव्हलकेड ऑफ अमेरिका’ ही इतिहासावरची रेडिओ मालिका ड्यूपाँट कंपनीच्या पैशावर चालायची. बंदुकीच्या दारूवर उभं राहिलेलं हे घराणं. १९३४मध्ये सिनेटची समिती युद्धातल्या नफेखोरीच्या चौकशीला बसली आणि ड्यूपाँटला ‘मृत्यूचे सौदागर’ ही शिवी चिकटली. १९३५मध्ये मालिका सुरू. तपशील तपासायला इतिहासाचे प्राध्यापक होते, त्यामुळे तारखा, नावं चोख. संशोधक आहेत, डॉक्टर आहेत, धाडसी स्त्रिया आहेत. फक्त सुरुवातीच्या वर्षांत त्या इतिहासात बंदूक कुठे वाजत नाही.