मेयोला जाणारी पाकिटे

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दर काही महिन्यांनी एकच तक्रार नव्या आवेशाने मांडली जाते: परप्रांतीय मुंबईत कमावतात, पैसा गावी धाडतात आणि या शहराशी त्यांना काडीचे देणेघेणे नसते. या वेळी ती माझ्या चुलतभावाने मांडली. आणि लगेच खाली दुसऱ्याने अभिमानाने बातमी टाकली की २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले, जगात सर्वाधिक. या दोन संदेशांतली विसंगती कोणालाही खटकली नाही. मी तसे लिहिले, तर ‘बॉस्टनला बसून इथल्या गोष्टींवर बोलू नकोस’ असे उत्तर आले.

बॉस्टनला बसूनच बोलते. माझ्या सासूबाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. त्या आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या मेयो परगण्यातल्या; १९५० च्या दशकाच्या मध्यात, विशीही ओलांडली नव्हती तेव्हा, थोरल्या बहिणीच्या आधाराने इथे आल्या. त्या दशकात आयर्लंडमधून सुमारे चार लाख माणसे बाहेर पडली. आजच्या प्रजासत्ताकाच्या हद्दीत १८४१ मध्ये ६५ लाखांची वस्ती होती. दुष्काळ आणि त्यानंतरचे शतकभराचे स्थलांतर यांमुळे १९६१ मध्ये ती २८ लाखांवर आली. सासूबाई बॉस्टनलगतच्या ब्रुकलाइनच्या एका श्रीमंत घरी राहून धुणीभांडी आणि मुले सांभाळत. मोलकरणींना गुरुवारी सुट्टी असे, आणि त्या संध्याकाळी बॉस्टनमधल्या डडली स्ट्रीटवरच्या आयरिश नृत्यगृहांत गर्दी होई. सासरे त्यांना तिथेच भेटले. लग्नानंतर बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागातल्या ट्रिपल-डेकरच्या, म्हणजे तीन मजली, मजल्यागणिक एक बिऱ्हाड असलेल्या घराच्या, मधल्या मजल्यावर संसार थाटून, मुलांना झोपवून, त्या रेड लाइन मेट्रोने शहरात जात आणि रात्रभर कचेऱ्या झाडत. मायदेशी सरकारी नोकरीतल्या स्त्रीला लग्न होताच राजीनामा द्यावा लागे आणि तो नियम १९७३ पर्यंत टिकला, हे त्या मला फार चवीने सांगत. त्यांना सरकारी नोकरी कधीच मिळणार नव्हती, हा भाग वेगळा.

या पगारातून दर महिन्याला मेयोला एक पाकीट जाई. त्यातून वडिलांच्या घराचे गवती छप्पर जाऊन स्लेटचे आले आणि धाकटा भाऊ शिकला. म्हणजे माझ्या चुलतभावाच्या व्याख्येनुसार त्या बॉस्टनचा पैसा बाहेर नेणाऱ्या होत्या. त्यांनी झाडलेल्या कचेऱ्या, वाढवलेली परक्यांची मुले, भरलेला कर आणि इथेच वाढवलेली चार मुले यांचा हिशेब त्या व्याख्येत कुठे बसतो, हे त्याने मला सांगावे. त्याहून सोपा प्रश्नही आहे. आमचे दोघांचे सामाईक आजोबा परळच्या गिरणीत साच्यावर उभे राहत, एका खोलीत डझनभर गाववाल्यांबरोबर पाळीने झोपत, खानावळीत जेवत आणि दर महिन्याला संगमेश्वरला मनीऑर्डर पाठवत. सारे कोकण त्या काळी मनीऑर्डरवर जगत होते. आजोबांनी मुंबई लुटली, असे आमच्या घरात अद्याप कोणी म्हटलेले नाही.

इथे अशी भाषा कोणी बोलत नाही, असे मला लिहायला आवडले असते. पण १९७४ मध्ये न्यायाधीश गॅरिटी यांच्या आदेशाने शाळांतला वर्णभेद मोडण्यासाठी मुलांना बसने दुसऱ्या वस्त्यांतल्या शाळांत पाठवायला सुरुवात झाली, तेव्हा साउथ बॉस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या बसवर दगड फेकणाऱ्यांत आयरिश स्थलांतरितांची नातवंडे मोठ्या संख्येने होती. सासूबाईंबरोबर रात्री फरशा पुसणाऱ्या बायकांपैकी अनेक जणी कृष्णवर्णीय होत्या. त्या वर्षाविषयी त्या आमच्यापाशी कधीही बोलल्या नाहीत, आणि मीही विचारले नाही, कारण उत्तर मला आवडेल याची खात्री नव्हती.

माझे इथे असणे मात्र त्यांच्या लोकांमुळे आहे. १९६५ पूर्वी आयर्लंडला वर्षाला सतरा हजारांहून अधिक व्हिसांचा कोटा होता आणि भारताला शंभरांचा. त्या वर्षीच्या नव्या कायद्याने ती पद्धत मोडली, आणि सिनेटमध्ये तो पुढे रेटणारे एडवर्ड केनेडी हे बॉस्टनचेच आयरिश वंशाचे. त्या कायद्याने आमच्यासाठी दार उघडले आणि आयरिशांसाठी बरेचसे लोटले गेले. १९८० च्या दशकात सासूबाईंचा भाचा पर्यटक म्हणून आला आणि कागदपत्रांविना बांधकामावर राबत राहिला, तो त्यांच्याच घरी. भारतीय सून आणायची म्हटल्यावर त्या नाराज झाल्या होत्या. ‘तुमच्यामुळे आमच्या पोरांना व्हिसा मिळत नाही’ असे त्या एकदा चिडून म्हणाल्याही. तरी माझ्या मुलांना पहाटेपासून सांभाळले ते या नॅनानेच, म्हणजे त्यांच्या आजीनेच.

माहेरी गेल्या की भाच्या त्यांना ‘यँक’, म्हणजे अमेरिकन, म्हणत. संगमेश्वरला माझी ओळख ‘अमेरिकावाली’ अशीच करून देतात, आणि मी त्यांच्यासारखे हसून ते सोडून देऊ शकत नाही. त्यांच्या जन्मामुळे माझ्या मुलांना आयर्लंडचे नागरिकत्व मिळू शकते. माझ्याकडून त्यांना मिळते ते ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचे ओळखपत्र, ज्यावर मतदान करता येत नाही. मी मतदान मॅसॅच्युसेट्समध्ये करते, आणि मला राग येतो तो संगमेश्वरच्या भांडणांचा.

गावातल्या घराचे छप्पर दुरुस्त करायला आणि काकूच्या औषधांना मी दरमहा पैसे पाठवते. ते त्याच चुलतभावाच्या खात्यात जमा होतात, आणि तेव्हा मी कुठे बसले आहे, हे त्याने आजवर विचारलेले नाही.