उणे ८० चा फ्रीजर आणि फिरती फाइल

रात्री दीडला फोन वाजला की आई आता काही विचारतच नाही, उठून दाराची कडी काढते. रबाळ्याच्या आमच्या औषधांच्या प्लांटमधला उणे ८० अंशांचा फ्रीजर पुन्हा कोकलतोय! या महिन्यात चौथ्यांदा. दाराचं रबर फाटलंय, कडेला बोटभर बर्फ साचतो, दार बसत नाही. परवा ऐरोलीहून रिक्षाने धावले, तर आकडा उणे ६२ वर. बर्फ खरवडला आणि पाठीने दार दाबून उभी राहिले. आत दोन वर्षांचे नमुने आहेत हो!

एवढ्याशा रबरासाठी चार महिने फाइल फिरतेय. साहेब, क्वालिटी, परचेस, परत क्वालिटी. डेव्हिएशन, म्हणजे काय बिघडलं याची लेखी नोंद, मात्र दर वेळी मीच भरायचं, मूळ कारणासकट. कारण तेच, रबर!

मोठ्या कंपनीत पगार वेळेवर होतो, शिकायला मिळतं, हे मान्य. बॅच पास झाली की हे औषध कुणाच्या तरी आईला मिळणार, या विचाराने मला खरंच भरून येतं. म्हणूनच जास्त चीड येते.

काल फाइल परत आली. फॉर्मचं व्हर्जन बदललंय म्हणे, नव्याने भरा.