‘बीपीच्या गोळीची सवय लागते’: फिरत्या मेसेजमध्ये काय चुकलंय

मेसेज थोडक्यात असा: वयात 100 मिळवा, तेवढं वरचं बीपी नॉर्मल. डोकं दुखत नाही, गरगरत नाही, तर गोळी कशाला? एकदा सुरू केली की सवय लागते, म्हणून आकडा उतरला की बंद करा. आणि साध्या मिठाऐवजी सैंधव खा.

वय अधिक 100. वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठर होतात आणि वरचा आकडा चढतो, इथपर्यंत बरोबर. पण सर्रास आढळतं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. या हिशोबाने सत्तरीतलं 170 नॉर्मल. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या ‘शेप’ या औषध-चाचणीत साठीपुढचे, वरचं बीपी 160 किंवा जास्त आणि खालचं 90 च्या आत असलेले लोक होते. क्लोरथॅलिडोन या बीपीच्या गोळीपासून सुरू केलेल्या उपचाराने त्यांच्यातले पक्षाघात सुमारे 36 टक्क्यांनी घटले. 2008 च्या ‘हायवेट’ या तशाच चाचणीत ऐंशीपुढच्यांनाही फायदा दिसला. वृद्धांत काळजी घ्यायची ती वेगळ्या गोष्टीची: उभं राहिल्यावर बीपी फार पडत नाही ना, हे 1 आणि 3 मिनिटांनी मोजून पाहायचं आणि डोस हळूहळू वाढवायचा.

त्रास नाही म्हणजे बीपी नाही? बहुतेकांना वाढलेलं बीपी अजिबात जाणवत नाही. उलट डोकं दुखत असताना मोजलं तर वेदनेमुळेच आकडा चढलेला असू शकतो. म्हणून मोजायचं ते शांत वेळी: आधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट नाही, लघवी करून या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून 5 मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला. हात 10 सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा 7-8 ने जास्त येतो. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी जास्तच येतो. सकाळी गोळीआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, असं 7 दिवस. पहिला दिवस वगळून सरासरी काढा. घरची सरासरी 135/85 किंवा वर असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आता सवयीचं, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच ओळीने होतं. कोणती गोळी हे मेसेज सांगतच नाही. ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच 35 ते 50 तास लागतात. त्यामुळे गोळी सोडल्यावर दोन-तीन दिवस आकडा ठीक दिसतो, माणूस ‘बरा झालो’ म्हणतो, आणि मग बीपी हळूहळू मूळच्या जागी परततं. ही सवय नव्हे. आजार होता तसाच आहे, गोळीने तो आवरून धरला होता. बीपी खरोखर उसळतं ते क्लोनिडिन ही गोळी झटक्यात सोडल्यावर. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारख्या गोळ्या अचानक थांबवल्या तर छातीत दुखणंही उद्भवू शकतं. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करतात.

वजन, मीठ, दारू कमी झाल्यावर काहींची गोळी कमी होते, क्वचित सुटतेही. पण घरच्या नोंदी पाहत, आपल्या मनाने नाही. त्रास होत असेल तर गोळी बदलता येते: ॲम्लोडिपिनने घोट्यांना सूज आली तर डोस घटवतात किंवा टेल्मिसार्टनची जोड देतात, रामिप्रिलने कोरडा खोकला लागला तर त्याऐवजी टेल्मिसार्टन. आणि गोळी चालू असून आकडा उतरत नसेल, तर आधी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं किंवा नाक मोकळं करणारी औषधं घेतली जात नाहीत ना, ते पाहा.

सैंधव? तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. दिवसाला एकूण 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराहून कमी, ही मर्यादा सगळ्या मिठांना लागू, पाकिटातल्या पदार्थांतलं धरून. पोटॅशियम घातलेल्या कमी सोडियमच्या मिठाने बीपी खरंच उतरतं, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. अशांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये.