हरला तो उठला

गणपतीत मुंबईहून भाचा आला होता. वय सोळा. माटवीखाली गणपती आणि बाजूच्या खोलीत टीव्हीला लावलेला टेकन ८ हा मारामारीचा व्हिडिओ गेम. आरती संपली की हा कापूर विझायच्या आत कंट्रोलर हातात घेऊन तयार. तिसऱ्या दिवशी मी त्यातला ब्रायन हा लढवय्या घेतला आणि त्याला सलग नऊ वेळा हरवलं. नऊही वेळा एकाच लाथेने.

तिला ‘स्नेक एज’ म्हणतात. जमिनीलगत येते, लागली की समोरचा आडवा. पण येते किती सावकाश! हा गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी चालतो. साधा जॅब, म्हणजे सरळ ठोसा, दहा फ्रेममध्ये लागतो, तो बघून अडवणं माणसाच्या हातात नाही. ही लाथ मात्र जवळजवळ अर्धा सेकंद डोळ्यांसमोर असते. खाली बसून अडवली तर ब्रायन उघडा पडतो आणि अख्खा कॉम्बो, म्हणजे एकामागोमाग एक फटके खातो. भाच्याने नवव्यांदा कंट्रोलर गादीवर आपटला. म्हणाला, "मामा, हे चीटिंग आहे. तुला दुसरं काही येतच नाही."

त्याचं अर्धं बरोबर होतं. पोस्ट त्यावरच आहे.

आमच्या लहानपणी एसटी स्टँडच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. किंग ऑफ फायटर्स ९७ च्या मशीनमध्ये एक रुपया टाकायचा. नियम एकच, हरला तो उठला. जिंकणारा त्याच रुपयात बसून राहायचा. बाजारातून चहापावडर आणायला दिलेल्या पैशातून वाचवलेला रुपया तो, त्यावर कोण नवीन काही शिकून बघणार? ज्याला जी एक युक्ती जमली तीच त्याने दोन वर्षं मारली. पुढे तिथे प्लेस्टेशन आलं, टेकन ३ आला, आणि महिन्याभरात फतवा निघाला की त्यातला एडी हा लढवय्या घ्यायचा नाही. का, तर तो नुसती लाथांची दोन बटणं बडवली तरी जिंकतो. एडीच्या खालच्या लाथा बसून अडवता येतात हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. एकाने माणूसच बंद केला आणि दुसरा त्याच माणसावर जगत होता. मला आज दोघं एकाच माळेचे मणी वाटतात. शिकायचं दोघांनाही नव्हतं.

आता नाणं टाकावं लागत नाही, हरलं तर कोणी उठवत नाही. तरी पोरं तशीच खेळतात, कारण रुपयाच्या जागी ऑनलाइन मॅचचा रँक आला आहे. दोन मॅच हरून रँक खाली गेला की यांचं जेवण जात नाही.

आमच्या बंदरावरचा एक मित्र ट्रॉलरवर जातो. १ जूनला मासेमारी बंद झाली की त्याला वेळच वेळ. जाळी शिवायची आणि लाईट असेल तेव्हा टेकन. दोन वर्षांपूर्वी त्याने पूर्ण जून एकच काम केलं, खालची लाथ दिसली की बसायचं. जिंकायचं बघायचंच नाही. मधल्या उंचीचे फटके तोंडावर घ्यायचा, कारण बसलेल्याला तेच लागतात. रँक पार तळाला. आम्ही हसायचो. तो म्हणायचा, "हसा मेल्यांनो, माका बसाक शिकाचा आसा." जुलैत त्याच्यावर स्नेक एज मारायची माझी हिंमत होत नव्हती.

पण याच माणसाची दुसरी बाजू. वाडीतल्या पोरांनी सोळा जणांची स्पर्धा ठेवली, तिथे हा पहिल्याच फेरीत आदल्या आठवड्यात शिकलेला कॉम्बो काढायला गेला. तीनदा चुकला, बाहेर. वर म्हणतो कसा, "मी शिकतंय." अरे, इथे कसला शिकतोस? स्पर्धेत जे अंगात मुरलं आहे तेच काढायचं, मग ते कितीही कंटाळवाणं असो. ‘शिकतोय’ हा शब्द हरल्यावर आठवला तर तो बहाणा असतो. बसायच्या आधी ठरवलं तरच त्याला अर्थ. (मी स्वतः हा बहाणा दोन वर्षं चालवला आहे, तेव्हा अधिकाराने बोलतोय.)

इव्हो म्हणजे अशा मारामारीच्या गेमची मोठी स्पर्धा. लाहोरचा टेकन खेळाडू अर्सलान ॲश २०१९ मध्ये आधी इव्हो जपान आणि मग अमेरिकेतली इव्हो जिंकला, तेव्हा टेकनच्या जगाला धक्का बसला. अमेरिकेतल्या फायनलला त्याच्यासमोर कोरियाचा ‘नी’ नावाचा खेळाडू होता. नी म्हणजे या खेळातला दादा माणूस. मला अर्सलानच्या विजयाइतकीच त्याच वर्षीची दुसरी गोष्ट आवडते. हा नी पाकिस्तानात जाऊन तिथल्या पोरांशी खेळला आणि त्यांच्याकडूनही हरला. एवढं नाव असलेल्या माणसाने परक्या शहरात जाऊन, कॅमेऱ्यासमोर हरायचं. आमच्या शेडमध्ये एखादा तालुक्याचा चॅम्पियन आला असता तर पहिली मॅच हरल्यावर जॉयस्टिक खराब आहे म्हणाला असता.

तर भाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी उकडीचे मोदक वळले जात असताना हा प्रॅक्टिस मोडमध्ये बसला. समोरच्या कॉम्प्युटरच्या ब्रायनने मारावी म्हणून त्याची स्नेक एज रेकॉर्ड केली, सोबत मधल्या उंचीची एक लाथ रेकॉर्ड केली, आणि दोन्ही उलटसुलट येतील असं लावलं. नुसती स्नेक एज लावली असती तर तो आंधळेपणाने बसत राहिला असता. हे त्याला मी सांगितलं नव्हतं. दोन तास तेच. त्याची आई दोनदा ओरडून गेली.

विसर्जनाच्या आदल्या रात्री म्हणाला, "मामा, ये." पहिलीच स्नेक एज अडली. दुसरीही. मग मी दुसरं काही काढायला गेलो, आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.