चांदी मोजून झाली होती

'कोर्टाच्या तारखा नकोत, चार शहाण्यांनी बसून मिटवावं.' 15 ऑगस्ट 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिच्या बाजूने गावाकडे हेच बोललं जातं. बांधाच्या भांडणापुरतं ते पटतंही. पण खुनाच्या प्रकरणातही 'आपसात' हा शब्द येऊ लागला की आइसलँडमध्ये राहणाऱ्याला थिंगवेलिर आठवतं.

रेक्याविकपासून गाडीने पाऊण तासावर असलेल्या या जागी 930 पासून आल्थिंग, म्हणजे साऱ्या देशाची सभा, भरे. कायदा होता, न्यायालयं होती, शिपाई मात्र एकही नव्हता. निकाल ज्याच्या बाजूने लागला, त्यानेच तो अमलात आणायचा. माणूस मारला तर जवळच्या घरी जाऊन सांगायचं. त्या घरात मयताचे नातलग असतील तर ते टाळून पुढे जायची मुभा. मग चांदीत भरपाई. न्यालच्या सागेत, म्हणजे जुन्या आइसलँडी गद्यकथेत, दोन घरच्या मालकिणी एकमेकींचे गडी मारवतात, तेव्हा 12 औंसांची तीच थैली या घरातून त्या घरात जाते आणि परत येते. हिशेब चोख, वैर जिथल्या तिथे.

होस्कुल्द याच हिशेबात वाढला. त्याचा बाप थ्राइन याला न्यालच्या मुलाने, स्कार्पहेदिनने, गोठलेल्या नदीवर कुऱ्हाडीने मारलं. भरपाई घेऊन प्रकरण मिटलं आणि न्यालने पोराला स्वतःच्या घरी वाढवायला नेलं. बापाला कोणी मारलं ठाऊक आहे का, असं विचारल्यावर पोरगं म्हणालं: ठाऊक आहे, पण भरपाई झाली, आता तो विषय नको. त्याला गोदी, म्हणजे सरदार, करण्यासाठी न्यालने आल्थिंगमध्ये पाचवं न्यायालय उभं करवलं, असं सागा सांगते.

घात तिथेच झाला. नव्या गोदीकडे माणसं वळली तसा मोर्द नावाचा जुना गोदी रिकामा पडू लागला. त्याने न्यालच्या मुलांचे कान भरले. पहाटे शेतात धान्य पेरताना होस्कुल्दला त्यांनी कापला.

आल्थिंगवर बारा पंच बसले. तिप्पट भरपाई, 600 औंस चांदी, म्हणजे सुमारे 16 किलो. अर्धी पंचांनी स्वतः घालायची. ढीग पुरा झाला. वर न्यालने रेशमी झगा ठेवला. होस्कुल्दच्या बाजूने भरपाई घ्यायला आलेल्या फ्लोसीने विचारलं, हा कोणी दिला? कोणी बोलेना. टोमण्यावर टोमणा आला, चांदी लाथाडली गेली. पुढे न्यालचं घर माणसांसकट जाळलं.

झग्यावर खापर फोडणं सोपं आहे. पण आल्थिंगला येण्याआधी फ्लोसी पुतणीच्या घरी थांबला होता. होस्कुल्दची ही विधवा, हिल्दिगुन्न. नवऱ्याच्या रक्ताने माखलेला झगा तिने त्याच्या अंगावर टाकला आणि सुकलेल्या रक्ताच्या खपल्या खाली सांडल्या. तडजोडीत तिला कोणी विचारलंच नव्हतं.

आपल्याकडे खुनाचा खटला सरकार चालवतं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मधल्या तडजोडीच्या यादीतही खून नाही. तारखा पडतात, वर्षं जातात, चीड येते, खरं आहे. तारखा कमी करा. पण फिर्याद दोन घरांच्या हाती देऊ नका. तिथे विधवेच्या दारातला झगा कोणी तपासत नाही.