160 एकर, 18 डॉलर आणि दोन साक्षीदार

अनुदान, हमीभाव किंवा कर्जमाफीची चर्चा निघाली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: 1862 साली अमेरिकेने ओसाड पडलेली जमीन मागेल त्याला 160 एकर फुकट दिली, नेब्रास्कात डॅनियल फ्रीमन हा पहिला वसाहतकार एकटा गेला, त्याने सरकारचा पैसाही न घेता माळरानाचे सोने केले, आणि अशा स्वावलंबी शेतकऱ्यांमुळेच तो देश मोठा झाला. फ्रीमन हा माणूस खरा आणि जमीन देणारा तो कायदा, म्हणजे होमस्टेड कायदाही खरा. मात्र या दोहोंविषयी मजकुरात जे सांगितले आहे, त्यातले फार थोडे कागदावर टिकते.

जमीन ओसाड होती, हा पहिला दावा. फ्रीमनने निवडलेला तुकडा गेज काउंटीत, कब क्रीक या ओढ्याकाठी, बिअट्रिस गावापासून सुमारे चार मैलांवर आहे. ते गाव 1857 सालीच वसले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा प्रदेश ओटो-मिसुरिया या मूळनिवासी लोकांचा होता. 15 मार्च 1854 च्या तहाने त्यांच्याकडून जमीन सोडवून घेण्यात आली आणि बिग ब्लू नदीकाठची दहा मैल रुंद व पंचवीस मैल लांब अशी पट्टी त्यांच्यासाठी राखून ठेवण्यात आली. या पट्टीचा बराचसा भाग त्याच गेज काउंटीच्या दक्षिणेस येतो. तीही विकली जाऊन 1881 साली त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. म्हणजे फ्रीमनने 1863 साली जमिनीवर दावा दाखल केल्यावर पुढची अठरा वर्षे जमिनीचे मूळ धनी त्याच काउंटीत राहत होते. वसाहतकार येण्याआधी सरकारी मोजणीदार येऊन गेले होते, हेही विसरून चालणार नाही. सहा मैल चौरसाचा एक गट, त्याचे 36 भाग, प्रत्येक भाग 640 एकरांचा, आणि त्याचा चतुर्थांश म्हणजे हे 160 एकर. ज्या जमिनीचा तह झाला आहे, मोजणी झाली आहे आणि नकाशा कचेरीत लावलेला आहे, तिला ओसाड म्हणणे कठीण आहे.

‘फुकट’ या शब्दात थोडे तथ्य आहे. एरवी सरकारी जमिनीचा किमान भाव एकरी सव्वा डॉलर होता, म्हणजे 160 एकरांना 200 डॉलर पडत. होमस्टेड कायद्याखाली अर्जाच्या वेळी 12 आणि मालकीची सनद घेताना 6, असे 18 डॉलर लागत. मात्र बैल, नांगर, बियाणे, विहीर, कुंपण आणि पहिले पीक हाती येईपर्यंतचे धान्य यांपैकी काहीही या 18 डॉलरांत येत नव्हते. शिवाय सनद मिळण्यापूर्वी पाच वर्षे तेथे राहून जमीन कसल्याचे सिद्ध करावे लागे. जमीन स्वस्त होती, शेती स्वस्त नव्हती.

कमाल जमीनधारणेच्या कायद्यात कोरडवाहू जमिनीची मर्यादा 54 एकर असलेल्या आपल्या राज्यातून पाहता 160 एकर हा आकडा डोळे दिपवतो, आणि मजकूर पसरण्याचे बरेचसे श्रेय त्या आकड्यालाच असावे. त्या एकरांचे प्रत्यक्षात काय झाले, हे फ्रीमनच्याच कागदावरून कळते. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर 1868 च्या जानेवारीत ब्राउनव्हिलच्या जमीन कचेरीत त्याच्या वतीने जबाब नोंदवण्यात आला. त्यानुसार घर चौदा फूट बाय वीस फुटांचे, एकमजली, अर्धे ओंडक्यांचे व अर्धे फळ्यांचे. दोन दरवाजे, दोन खिडक्या, लाकडी कौलांचे छप्पर आणि फळ्यांची जमीन. बाहेर एक तबेला, मक्याचे कोठार आणि शंभर फूट लांबीचा मेंढ्यांचा गोठा. सफरचंदाची 40 आणि पीचची सुमारे 400 झाडे लावलेली. आणि नांगरून, कुंपण घालून लागवडीखाली आणलेली जमीन सुमारे 35 एकर. पाच वर्षांत 160 पैकी 35! यात फ्रीमनचा आळस शोधू नये. त्या गवताळ माळाची मुळे इतकी दाट आणि खोल गुंतलेली असत की पहिली नांगरट हेच एक स्वतंत्र काम होते आणि त्यासाठी वेगळा, जड नांगर लागे.

अशा मजकुरांसोबत बहुधा मातीच्या घराचे छायाचित्र असते. ओढ्याकाठी लाकूड मिळाल्याने फ्रीमनचे घर तसे नव्हते, पण झाड नसलेल्या माळावर हजारो कुटुंबे मुळांसकट कापलेल्या गवताच्या ढेपा विटांसारख्या रचून राहिली. दोन-तीन फूट जाडीच्या भिंतींमुळे आतली हवा उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राही. मात्र पाऊस थांबल्यावरही छप्पर गळत राही, म्हणून आढ्याखाली कापड ताणून बांधत. सरपण नसल्यामुळे चुलीत बायसनच्या व गुरांच्या वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या, मक्याची बुरकुंडे आणि पीळ घातलेले गवत जाळले जाई. गोवऱ्या थापण्याला मागासलेपणाची खूण मानणाऱ्यांनी ही चूल लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता ‘एकटा’ या शब्दाकडे. 1 जानेवारी 1863 ला, म्हणजे कायदा लागू झाला त्याच दिवशी, मध्यरात्र उलटताच आपण कचेरी उघडायला लावली, कारण सैन्यात परतायचे होते, ही हकीकत मुख्यतः फ्रीमनच्याच तोंडची आहे. त्या दिवशी इतर कचेऱ्यांतही अर्ज पडले. तेव्हा चाललेल्या यादवी युद्धात मरण पावलेल्या भावाची वाग्दत्त वधू ॲग्नेस सूटर हिच्याशी त्याने पत्रव्यवहार केला, पत्रातूनच लग्नाची मागणी घातली आणि 1865 साली त्यांचे लग्न झाले. शेत उभे राहिले ते या संसाराच्या बळावर. कायदादेखील एकट्या माणसाला सनद देत नव्हता. पंचनाम्याला पंच लागतात, तसे येथे दोन विश्वासार्ह साक्षीदार लागत, आणि फ्रीमनच्या जबाबावरही अशा दोघांच्या सह्या आहेत.

‘मागेल त्याला’ हे तर सपशेल चूक आहे. अर्जदार कुटुंबप्रमुख किंवा 21 वर्षे पूर्ण केलेला, आणि नागरिक किंवा नागरिकत्वाचा इरादा जाहीर केलेला असावा लागे. अविवाहित स्त्रिया व विधवांना अर्ज करता येई, पण नवऱ्यासोबत नांदणाऱ्या स्त्रीला सहसा नाही. कृष्णवर्णीयांचे नागरिकत्व घटनेत नोंदले गेले ते 1868 साली; त्यानंतर 1877 साली कॅन्ससमध्ये त्यांची निकोडेमस ही वसाहत उभी राहिली. चिनी स्थलांतरितांना नागरिकत्वच बंद होते. आणि 1923 साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिकत्वाच्या व्याख्येत बसत नाही असा निकाल दिला, तेव्हा हा कायदा लागूच होता. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्याचे आजोबा तेथे पोहोचले असते, तर त्यांना रिकाम्या हाताने परतावे लागले असते.

सरकारची मदत नव्हती, हा शेवटचा आणि सर्वांत लाडका मुद्दा. होमस्टेड कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची सही झाली 20 मे 1862 ला. त्याच वर्षी 15 मे रोजी कृषी खाते स्थापन झाले, 1 जुलैला रेल्वे कंपन्यांना जमिनी देणारा कायदा झाला आणि 2 जुलैला कृषी महाविद्यालयांसाठी जमिनी देणारा. 1874 साली टोळधाडीने नेब्रास्का आणि कॅन्ससमधली उभी पिके फस्त केली, तेव्हा पुढच्या फेब्रुवारीत काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, दीड लाख डॉलर मंजूर केले, सैन्याच्या कोठारांतले कोट आणि बूट वाटण्यात आले, आणि दावा न गमावता काही काळ जमीन सोडून जाण्याची मुभा वसाहतकारांना देण्यात आली. पश्चिमेकडच्या कमी पावसाच्या भागात 160 एकरांवर कुटुंब जगत नाही हे दिसून आल्यावर 1904 साली पश्चिम नेब्रास्कासाठी ही मर्यादा 640 एकर करण्यात आली. याला मदत म्हणायचे नसेल, तर अनुदान हा शब्दही मागे घ्यावा लागेल.

फ्रीमन 1908 साली वारला, ॲग्नेस 1931 साली. 1936 साली काँग्रेसने त्यांच्या जमिनीवर राष्ट्रीय स्मारक करण्याचे ठरवले आणि ती पुन्हा सरकारच्या ताब्यात आली. त्यानंतर लवकरच, जेथे नांगर फिरला होता तेथे, माळाचे मूळ गवत सरकारी खर्चाने पुन्हा पेरायला सुरुवात झाली. आज तेथे ते माणसाच्या उंचीइतके वाढते.