नकाशात झाड आणि गवत वेगळं दाखवा

उपग्रहचित्रांवरून शहरातलं हिरवं आच्छादन मोजायचं आणि ते कमी असेल तिथे नवी लागवड करायची, ही लेखातली मांडणी पटली. पण कोणता हिरवा, हा प्रश्न राहून गेला. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या १० बाय १० मीटर तुकड्याएवढा असतो. रस्त्याकडेचं एकटं झाड त्यात डांबराच्या, छपरांच्या रंगात विरून जातं. शिवाय अशा चित्रांवरून काढल्या जाणाऱ्या एनडीव्हीआय या वनस्पती-निर्देशांकातून हिरवेपणा कळतो, उंची नाही. पाणी मारून राखलेलं लॉन आणि जुनं डेरेदार झाड त्यात जवळपास सारखेच दिसू शकतात. भर दुपारी बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारा फरक! उंचीसाठी लायडार, म्हणजे लेसर किरणांनी केलेलं सर्वेक्षण हवं. त्यातूनच जमिनीचा उतारही कळतो, म्हणजे पावसाचं पाणी जिरवणारी बाग कुठे करायची तेही ठरवता येतं.

शहरी वनीकरणाचे अभ्यासक सेसिल कोनायनेंडाइक यांचं ३-३०-३०० सूत्र चांगलंच आहे: घरातून ३ झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के वृक्षछाया असावी, बाग ३०० मीटरच्या आत असावी. पण हे ३०० मीटर नकाशावर वर्तुळ काढून मोजू नयेत. मध्ये रेल्वेरूळ असले किंवा बागेचं फाटक पलीकडच्या बाजूला असलं, की आजीआजोबांसाठी ती बाग नसल्यासारखीच. अंतर पायी रस्त्याने, फाटकापर्यंत मोजा. आणि कुंपणाआडची खासगी हिरवळ कृपया वेगळ्या रंगात दाखवा.